गोड्या विहिरीवरचा पंप

मद्रासला आमच्या घरामागे एक विहीर होती. समुद्र इतका जवळ, की खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजायचे. पण या विहिरीचं पाणी मात्र गोड होतं. गल्लीतल्या बायका सकाळी घागरी घेऊन मागच्या दाराने यायच्या. आई त्यांना पाणी ओढून द्यायची आणि त्या तिला 'अक्का' म्हणायच्या. आम्ही तंजावरकडचे मराठी. आमची घरची बोली गल्लीत कुणाला कळत नसे, तरी विहिरीमुळे आई सगळ्यांची झाली होती.

साठ सालानंतर कधीतरी आईचा उजवा खांदा धरला. वेणी घालायलाही हात वर जाईना. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. स्वतःसाठी कधी काही न घेणारा माणूस. एका संध्याकाळी घरी आले ते चपला काढायच्या आधीच म्हणाले, "आता तू दोर ओढायचा नाहीस. पंप बसवतोय."

"मला कशाला पंप? मुलं ओढतील की," आई म्हणाली; पण तिला आनंद लपवता येत नव्हता.

पंपाच्या दुकानाचा मेस्त्री आला. त्याने विहिरीवरचा रहाट खांबांसकट उखडला, तिथे सिमेंटचा ओटा बांधून पंप बसवला आणि गच्चीवर टाकी चढवली. पहिल्यांदा नळ सोडला तेव्हा आई धारेखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

पण थोड्याच दिवसांत पंप नुसती हवा ओढू लागला. विहिरीला पाझर सावकाश, आणि पंप क्षणात तळ गाठायचा.

"पंपात दोष नाही, सार," मेस्त्री म्हणाला. "तुमच्या विहिरीतच पाणी कमी. तळाला बोअर मारू, मग बघायला नको."

शेजारच्या म्हाताऱ्यांनी भिंतीवरून बजावलं, "आणखी खाली जाऊ नका. खाली समुद्र आहे."

मेस्त्री हसला. अप्पांनी आईकडे पाहिलं. ती डाव्या हाताने खांदा चोळत होती. त्यांनी होकार दिला.

बोअर झाल्यावर पाणी जोरात आलं. दुसऱ्या सकाळी आईने कॉफीचा घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून मोरीकडे गेली.

"उप्पु लागतंय," ती हळूच म्हणाली. मीठ म्हणायला तिच्या तोंडी तमिळ शब्दच आला.

अप्पांनी नळाचं पाणी चाखलं, मग टाकीतलं, मग बादली सोडून थेट विहिरीतलं. सगळं खारट होतं.

"उपसत राहा, निघून जाईल," मेस्त्रीने सांगितलं. आम्ही उन्हाळाभर उपसलं. पाणी आणखीच खारट झालं. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, अंगणातला कढीपत्ता जळून गेला. अप्पा दुकानात खेटे घालत राहिले. शेवटी मालक म्हणाला, "पाणी येतंय ना? चवीची हमी आम्ही दिली नव्हती." अप्पांनी दुसरा माणूस आणून बोअरचं तोंड सिमेंटने बुजवलं. काही फरक पडला नाही.

बायका काही दिवस आल्या, ओंजळभर चाखून रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. कुणी वाकडं बोललं नाही. "राहू दे, अक्का," एवढंच. मग मागच्या दाराची कडी दिवसभर लागलेलीच राहू लागली. आई पहाटे उठून रस्त्यावरच्या नळाला रांगेत उभी राही आणि डाव्या कमरेवर घागर घेऊन परते. उजव्या खांद्याला पुढे आराम पडलाच नाही.

एकदा अप्पा तिला म्हणाले, "रहाट तरी पुन्हा बसवून घेऊ का?"

आई तांदूळ निवडत होती. "काढून काय करायचं ते पाणी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

त्यानंतर अप्पांनी घरात एकही नवी वस्तू आणली नाही. शेजारीपाजारी विजेचे पंखे आले. आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी आई घामाने निथळत जमिनीवर पडून असे आणि अप्पा शेजारी बसून ताडाच्या विंझण्याने तिला वारा घालत. आम्हा मुलांपैकी कुणी पंख्याचं नाव काढलं, की विंझणा खाली ठेवून ते बाहेर निघून जात.