वाळूला घातलेला बांध

सन २०१७. मी एकसष्ट वर्षांचा होतो. कुवेतच्या पश्चिमेला, तेलविहिरींच्या मुलखात, जून लागला की वाऱ्याला एक आवाज यायचा, पीठ चाळावं तसा. डोळे मिटून पडलं तरी कळायचं की बाहेर जमीन हलते आहे. जमीन हलते! आमच्या बीडकडे जमीन आपली जागा सोडत नाही. इथं काल पायाखाली होती ती आज पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची.

आणि केवढा तो मुलूख! क्षितिजापर्यंत पिवळसर निःशब्दता. ना गाव, ना देऊळ, ना सावलीपुरतं झाड. मध्येच वाळूतून डोकं वर काढलेले लोखंडी नळ आणि लांबवर अखंड तेवणारी वायूची ज्योत. सारं ऐश्वर्य धरणीच्या पोटात, आणि तिच्या पाठीवर आम्ही दहा मुलखांची मूठभर माणसं. तिथं काहीच पिकत नाही. तांदूळ, कांदा, प्यायचं पाणी, खडीसुद्धा, सगळं रस्त्यानं यायचं. मग तुम्हीच सांगा, तिथला राजा कोण? लोक तेल म्हणतील. मी म्हणतो, रस्ता. अन् तो रस्ता माझ्या ताब्यात होता. मी ग्रेडर चालवायचो, म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं यंत्र. त्यानं वाळू लोटायची आणि वाट मोकळी ठेवायची. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण माझ्यामागे रस्ता जेवायच्या पाटासारखा सपाट व्हायचा.

साठी उलटल्यावर कंपनी दरवर्षी साहेबाचा शेरा मागायची. चांगला असला तरच इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे सरकायचा. आमचे साहेब नाशिकचे, जोशी, माझ्या धाकट्याच्या वयाचे. त्या आठवड्यात ते म्हणाले, "काका, वारा वायव्येचा आहे. वाळू आग्नेयेच्या अंगाला टाका. वारा येतो त्या अंगाला ढीग नको."

मी हसलो. "साहेब, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी पाझर तलावांचे बांध घालतोय. येणाऱ्याला आडवं व्हायचं असतं."

"पाणी वेगळं, काका."

"बघाच तुम्ही."

आणि मी घातला की बांध! वाऱ्याच्या तोंडावर, कमरेइतका उंच, रस्त्याला लागून, चांगला हजार पावलं. उतरून त्याच्या पाठीवर थापही मारली. स्वतःच्या हातच्या कामावर माणूस किती भाळतो, नाही?

दोन दिवस वारा घोंघावला. तिसऱ्या सकाळी पाण्याचा टँकर मधोमध रुतलेला, चाकं निम्मी गडप. पलीकडे तेलविहिरीवर चाळीस माणसं कोरड्या घशानं वाट बघत होती. टँकरवाला पंजाबी, टपावर बसून ओरडला, "ओ चाचा! दीवार तो बढ़िया बनाई, रास्ता किधर रखा?"

मी बघत राहिलो. पाण्याला बांध घातला की ते अलीकडे थांबतं. वारा थांबत नाही. तो बांध चढतो, पलीकडे उतरताना दमतो आणि पाठीवरचं ओझं तिथंच टाकून रिकामा पुढे जातो. आणि बांधाच्या पलीकडे काय होतं? माझा रस्ता. एवढी साधी गोष्ट, पण चाळीस वर्षं पाण्याशी खेळलेल्या हाताला ती सुचली नाही. जे येतं त्या सगळ्यालाच अडवायचं नसतं. काहींना नुसती वाट करून द्यायची असते, हे मला त्या वयात वाळूनं शिकवलं.

साखळी बांधून टँकर ओढून काढला, पाणी पोचलं, तोवर उन्हामुळे असते ती दुपारची कामबंदी लागली. केबिनमध्ये जोशी साहेब अहवाल लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "कारण लिहितो, जोराचा वारा. खोटंही नाही ते."

"वारा दरसाल असतो. माझं नाव लिहा."

"काका, शेरा याच महिन्यात जायचाय. लिहिलं तर तुम्हाला घरी पाठवतील."

"पाठवू द्या. हजार पावलांचा बांध मी घातला. चांगलं झालं असतं तर वाऱ्याला दिला असता का मान?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "फार हट्टी आहात."

"आहेच."

त्यांनी लिहिलं. इंग्रजीत होतं, माझं नाव कुठलं ते मी बोट ठेवून विचारून घेतलं आणि खाली सही केली. बाहेर आलो तर वारा पडला होता. विस्तीर्ण वाळवंट निर्विकार पसरलेलं, जणू कुणाचाच कुणाशी वाद नव्हता. मलाही हलकं वाटत होतं. गावी जावं लागेल याची भीती तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रेडर चालू केला, बांधाच्या टोकाशी नेऊन उभा केला, आणि खाली उतरून जोशी साहेबांना हाक मारली. म्हटलं, "साहेब, पहिलं पातं कुठून लावू, ते तुम्ही सांगा."