वरच्या रानातलं पत्र

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाचा एक पेपर असा होता की त्याला ना तास, ना नोट्स. विषय आपला, कागद आपणच शोधायचे आणि दर शुक्रवारी मॅडमसमोर बसून काय सापडलं ते सांगायचं. साताऱ्यात आल्यापासून दुसऱ्यांचे इतिहास पाठ करून मला वीट आला होता. मी ताडकन उभी राहिले आणि विषय सांगून टाकला, "माणदेशातून मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटा." म्हणजे आमच्याच वाटा.

मॅडम हसल्या नाहीत, एवढं नशीब. "छान आहे. पुरावा काय?"

"माझे वडील सांगतात ना!"

"नुसतं सांगणं पुरत नाही. त्या काळचा एक तरी कागद आण. पुढच्या शुक्रवारपर्यंत नाही मिळाला तर किल्ल्यांचा विषय घे."

किल्ले! निम्म्या वर्गानं किल्लेच घेतले होते. माझं डोकंच फिरलं. चार दिवस ग्रंथालयं, सरकारी दफ्तरं पालथी घातली. आमच्या माणसांचं कुठं नाव म्हणून नाही. शेवटी रागारागानं वडिलांना फोन लावला.

"आमचा कागद कुठला गं?" ते म्हणाले. "आमी मेंढरामागची माणसं. कागदाला पेटी लागती, पेटीला घर लागतं. तू आष्ट्याला जा. ज्यांच्या रानात आमी बसायचो, त्यांचं घर हाय तितं."

मी कपाळावर हात मारून घेतला. ऊस तुटला की शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवायचे, वर्षानुवर्षं तीच मेंढरं, तेच रान. आमची बिऱ्हाडं हलायची, पण रानं जागेवरच होती की! आणि मी बावळट, सगळीकडं फिरणाऱ्यांची नावं शोधत बसले होते. जे जागेवर राहिले, त्यांच्या घरात डोकवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. ते घर एका निवृत्त फौजी आजोबांचं निघालं. कुणाची पोर ते सांगितलं, तसे ते ओरडलेच, "आगं, मग भाईर का हुबी? आत ये की!"

"आवं आजोबा, जुना कागद असंल का काही?"

"कागद? लय!" त्यांनी फौजेतली काळी ट्रंक ओढली. सरहद्दीवर असताना घरून आलेलं एकूण एक पत्र त्यात होतं. त्यांचे वडील लेकाला रानाची बित्तंबातमी कळवायचे. कुठली म्हैस व्याली, ऊस कधी तुटला, आणि दरवर्षी न चुकता, मेंढरं कुठून आली, कुठल्या रानात किती दिवस बसली, पुढं कुठल्या गावाला गेली. वाटाच्या वाटा लिहिलेल्या! मला किंचाळावंसं वाटलं. किंचाळलेही बहुतेक, कारण आतून त्यांच्या सूनबाई धावत आल्या.

मग आजोबांनी एक पत्र माझ्यापुढं धरलं. "ह्ये वाच."

'काल सोमवारी सकाळी वरच्या रानात मेंढक्याचं कुटुंब बाळंत झालं. मुलगा झाला. आपल्या घरून बाजलं आणि शेगडी पाठवली आहे.' वर ठसठशीत तारीख होती. माझे वडील त्याच रानात जन्मले, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि आजोबांसमोरच ढसाढसा रडले.

शुक्रवारी मॅडमनी सगळ्या झेरॉक्स शांतपणे वाचल्या. "अगं, हे तर घबाड आहे!" म्हणत त्यांनी माझ्या विषयाच्या फॉर्मवर सही केली. मग विचारलं, "आता कागदाच्या जोडीला तोंडी आठवणी हव्यात. बोलायला कुणाला आणलंस?"

ते पत्र माझ्याकडून ऐकल्यापासून हरखलेले वडील बाहेर व्हरांड्यात उभेच होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. पहिला प्रश्न रिवाजाप्रमाणे जन्मतारखेचा. आजवर वडील एक जून सांगत आले, शाळेत मास्तरांनी सगळ्याच पोरांना लावलेली. त्यांनी टोपी नीट केली.

"सोमवारचा हाय जी मी," ते म्हणाले. "सकाळचा."