भिंतीवरच्या रेघा

मास्तराची बदली झाली की त्याचं सामान एका बैलगाडीत मावतं, किस्से मात्र मावत नाहीत. माझे निम्मे किस्से हिवरखेडजवळच्या एका खेड्यातले आहेत. तिथली शाळा चौथीपर्यंत आणि मास्तर दोनच: हेडमास्तर वानखडे गुरुजी आणि एकोणीस वर्षांचा मी.

कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा व्हायचा. त्यात चौथीची पोरगी एकदा वावरात गेली की परत यायची नाही. यावर गुरुजींनी एक उपाय काढला. पोरानं रोज संध्याकाळी आईपुढे बसून एक धडा मोठ्यानं वाचायचा, आणि ते अडखळलं की आईनं कोळशानं भिंतीवर रेघ ओढायची. आया म्हणायच्या, आमाले वाचता येत नाई. गुरुजी म्हणायचे, "अडखळलेलं ऐकू येते ना? मंग झालं."

रविवारी आम्ही दोघं घरोघर भिंती बघत हिंडायचो.

*

नामदेवाच्या घरची भिंत तीन आठवडे कोरी! गुरुजी खूश. त्यांनी त्याच्या आईपुढेच त्याचं कौतुक केलं. आई जरा घुटमळली, मग तिनं हळूच विचारलं, "गुरुजी, तुमच्या पुस्तकातल्या कावळ्याले रोजच तहान कशी लागते जी?"

पठ्ठ्या तीन आठवडे तोच धडा वाचत होता.

*

सोनाजीबुवांच्या घरी रेघा ओढायचं काम आजोबांकडे, म्हणजे खुद्द सोनाजीबुवांकडेच होतं. एका रविवारी भिंत काळी झालेली. नातू रडवेला होऊन म्हणाला, मी एकदाही अडखळलो नाही.

धडा कपाशीच्या पेरणीचा होता. बुवा शांतपणे म्हणाले, "पोट्टं नाई चुकलं. पुस्तक चुकलं."

गुरुजींनी त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं आणि तो धडा त्यांनाच शिकवायला लावला. स्वतः पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. पेरणीतलं गुरुजींनी काही विचारलं आणि ते इतकं चुकीचं होतं, की बुवांनी भिंतीजवळ जाऊन इकडेतिकडे पाहत विचारलं, "कोयसा कुठी हाय?"

*

दिवाळीला प्रत्येक घर सारवून, चुन्यानं रंगवून निघायचं. त्या वर्षी पोरांनी चुना कालवायला जो उत्साह दाखवला, तसा गावानं कधी पाहिला नव्हता. रविवारी जावं तिथे भिंत पांढरीशुभ्र. गुरुजी संध्याकाळी मला म्हणाले, "एका आठोड्यात सारं गाव हुशार झालं, पाहा."

मी इतका हसलो की ठसका लागला. अजूनही चुन्याचा वास आला की मला गुरुजी आठवतात.

*

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, वेचणी सुरू झाली आणि शांता शाळेत यायची थांबली. वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी. वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हाच तिची आई भागाबाई स्वतः तिचं नाव घालायला आली होती. पुढे नवरा गेला आणि घरात या दोघीच उरल्या. शांतानं चौथीची परीक्षा द्यावी म्हणून गुरुजींचा जीव टांगणीला लागला होता.

आठ दिवस वाट पाहून आम्ही गेलो. भागाबाईनं पाट दिला, पाणी दिलं आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाली, "मी एकटी पुरी पडत नाई, गुरुजी. राहू द्या तिची शाळा."

मी खाली पाहिलं. गुरुजी सवयीनं भिंतीकडे पाहत होते. वरच्या रेघा जुन्या, दिवाळीच्या चुन्याखाली पुसट झालेल्या. त्यांच्याखाली, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, ताज्या रेघांची दाटी होती.

"शांते, ह्या खालच्या रेघा कोनाच्या?"

शांतानं आईकडे पाहिलं. भागाबाईनं तोंडाला पदर लावला.

"माह्या हायेत," ती म्हणाली. "वावरातून आलं की पोट्टी मले वाचाले बसवते."

गुरुजींनी उठून त्या रेघा बोटानं एकेक करून मोजल्या. बराच वेळ लागला. मग म्हणाले, "भागाबाई, तुमच्या मास्तरनीले पुढचे धडे येत नाईत अजून. तिले शाळेत पाठवा लागते."

भागाबाई चुलीकडे वळली. आम्ही निघून आलो. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत.

सोमवारी घंटा झाली आणि शांता दारात उभी! दप्तर खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "गुरुजी, मायनं इचारलं, आजचा धडा मोठा हाय का लहान?"