उणे चाळीसचा तवा

सासूबाईंसाठी मी मोठ्या हौसेनं जहाजाच्या पोलादी प्लेटमधून बनवून आणलेला तवा गॅसवर तापला आणि घरभर जळक्या रंगाचा वास सुटला. स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मुलीनं नाक दाबून खिडक्या उघडल्या. "बाबा, इट स्मेल्स लाइक युअर ऑफिस!"

जहाजाची प्लेट गंजू नये म्हणून तिच्यावर कारखान्यातच राखाडी प्रायमर मारलेला असतो. तो घासून काढल्याशिवाय प्लेट तापवायची नाही, हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. जागेपणी विसरलो. अलार्मखाली उभा राहून मी टॉवेल हलवत होतो आणि बायकोनं पुढे होऊन गॅस बंद केला.

तव्याचं खूळ कुठून आलं, ते सांगतो. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही रत्नागिरीहून इकडे बहारीनला आणलं. जेवायला बसल्या की चतकोर पोळी चिवडत राहायच्या. पोलकी सैल व्हायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण खाल्लं नाही तर अंथरूण धरतील. सासऱ्यांचा विषय निघाला की त्या उठून आत जायच्या. बायको रोज काही नवं रांधायची आणि ताट तसंच परत यायचं. एकदा तिनं नॉनस्टिकवर घावन घातलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्याच्यावर जाळी पडत नाही गो."

जेवणाबद्दल इथे आल्यापासून काढलेला तो पहिला शब्द. बायकोनं तो वरच्यावर झेलला. "अहो, तुमच्या यार्डात एवढं लोखंड पडलेलं असतं. एक तवा होत नाही?"

आता, बिडाचा तवा मुलीनं फोनवरून दोन मिनिटांत मागवला असता. पण विचारलं मला होतं ना! जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात माझं काम पोलादाच्या प्लेटांची तुलना करण्याचं. ड्रॉइंगवर एका प्रतीची प्लेट असते, गोदामात दुसऱ्याच प्रतीची, आणि ही चालेल का, हे मला विचारतात. तर मी रीतसर परवानगी काढून भंगारातले तीन तुकडे निवडले, ए, डी आणि ई प्रतीचे, आणि त्यांची अशी कसून तुलना केली की जणू तव्यावरून तेलवाहू जहाज जाणार होतं. शेवटी सगळ्यात भारी म्हणून 'ई'चा तुकडा उचलला. इथल्या तुबली भागातल्या एका वर्कशॉपमधे गोल कापून घेतला. बोटभर जाड. मूठ बसवायची राहिली. बायकोला तो दोन हातांनीही उचलेना.

"ही प्लेट उणे चाळीस तापमानाला ठोकली तरी फुटत नाही," मी सांगितलं.

"मग तवा फ्रीजरमधे ठेवू का?"

अलार्मच्या प्रकरणानंतर मी तवा परत तुबलीला नेला, दोन्ही बाजू लख्ख होईपर्यंत ग्राइंडरनं साफ करून घेतल्या, मूठ लावून घेतली, आणि शुक्रवारी सकाळी बाल्कनीत पॉलिशपेपर घेऊन बसलो. सासूबाई येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. माझे हात बघत होत्या.

"भारी म्हणजे काय भारी हो ह्यात?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी सुटलोच. म्हटलं, आई, ह्या तिन्ही प्लेटांची ताकद सारखीच. ओढलं तर तिन्ही सारखाच भार घेतात. फरक थंडीत कळतो. गार पाण्यात साधं पोलाद कडक होतं, आणि दणका बसला की आधी वाकत नाही, एकदम तडकतं. ए, डी, ई असं पुढं जावं तसं जास्त थंडीत टिकतं. आणि समुद्रात रोवलेले तेलाचे प्लॅटफॉर्म असतात, त्यांना तर आणखी वरची परीक्षा. जहाज बिघडलं तर गोदीत आणता येतं. प्लॅटफॉर्म कुठं आणणार? म्हणून त्याची प्लेट जाडीच्या दिशेनंही ओढून बघतात.

"पापुद्रे सुटतात की काय म्हणून?"

"अगदी तेच!"

त्यांनी तव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमचा बिडाचा तवा असाच तडकला. सासूबाईंच्या हातचा होता, घावन कसं आपणहून सुटून यायचं! ह्यांना मेलं कशाची घाई. मी जरा विहिरीवर गेले, तर रसरसलेल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. का, तर म्हणे धुऊन ठेवत होतो! दोन तुकडे. वर मलाच म्हणतात, जुनाच होता. जुना होता! माणसानं इतकं वेंधळं असावं?" त्यांचा आवाज चढला होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. "जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि टाकलं ते हे!"

आत बायकोच्या हातातलं पातेलं वाजायचं थांबलं.

सासऱ्यांची बाजू घ्यायचा मोह मी आवरला. वेंधळ्यांनी एकमेकांची वकिली करू नये.

"आणा तो इकडे," सासूबाई उठल्या. "नुसतं घासून काय होतंय? त्याला तेल मुरवायला हवं." कांदा अर्धा कापून तेलात बुडवला आणि तापत्या तव्यावर गोल गोल फिरवत राहिल्या. तापायलाच एवढा वेळ लागला की मुलीनं मधे न्याहारी मागवून खाल्ली. पहिलं घावन चिकटलं. दुसरं फाटलं. "थांबा हो, सवय नाही त्याला," असं त्या मला सांगत होत्या, जसं काही मी तक्रार केली होती. तिसऱ्याला जाळी पडली. त्यांनी ते उलथन्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं, आणि ताटात न वाढता तिथेच ओट्याशी उभ्या राहून, नारळाच्या रसात बुडवून खाल्लं. मग पुढचं स्वतःसाठीच घातलं.

दुपारी त्या जरा आडव्या झाल्यावर मी बायकोला विचारलं, "मग? प्लेट बरोबर निवडली की नाही?"

ती रिकामी वाटी धरून उभी होती. डोळे भरले होते, आणि हसतही होती.

"प्लेटीचं मला काय सांगता! आई बाबांवर चिडली, ऐकलंत ना? पूर्वी चिडायची ना, अगदी तश्शी चिडली."