टॅब पुसण्याआधी न विचारलेला प्रश्न

टॅबच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला तेव्हा त्याला कुणाचा हातही लागलेला नव्हता. तो ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता आणि मी शेजारी गिलकी चिरत होते. हिरवा ठिपका म्हणजे माइक चालू, एवढं मला माहीत होतं. दोन-तीन सेकंद तो तसाच राहिला, मग विझला आणि त्याच्या जागी कुठल्यातरी खेळाची जाहिरात उघडली.

मी सुरी सोडली. ओल्या हातानंच वायफाय बंद केलं. सिमचा खण उघडायला पिन सापडेना, म्हणून कानातल्या रिंगेची तार त्या भोकात घातली आणि सिम बाहेर काढलं. मग टॅब टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.

त्या टॅबमध्ये सात बायकांचे आवाज होते.

आम्ही डिंडोलीत राहतो, गुजरातेतल्या साड्यांच्या शहराच्या कडेला. आई साड्यांवर स्टोन, म्हणजे चमचमते खडे, लावायच्या खात्यात जाते. कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, जमिनीवर पसरलेल्या साड्या, वाट्यांमध्ये ते चिकटवायचा गम. पंखा बंद आणि खिडक्याही बंद, कारण वारा आला की कणाएवढे स्टोन उडतात. त्या गमच्या वासात बायका दिवसभर वाकून बसतात. घरी आली की आई आधी पाच मिनिटं दारात उभी राहून नुसता श्वास घेते, मग चप्पल काढते. मला यावर पत्रक काढायचं होतं. माझ्या शब्दांत नाही, त्यांच्या शब्दांत.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कापडाच्या लूमवर होते आणि पत्रकं वाटायचे. शाळेत बाई ‘कमळ’ शिकवत होत्या तेव्हा मला ‘निषेध’ लिहिता येत होतं. वडील आता गावी असतात, पण त्यांचा एक नियम घरात राहिलाय: नाव आणि जबानी एका जागी ठेवायची नाही. आवाज एकाकडे, नावं दुसऱ्याकडे. नावं ज्याच्याकडे असतील त्यानं ती कुठे ठेवली हे सांगायचं नाही, आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही. एकदा एका कामगाराच्या डब्याच्या पिशवीत यादी सापडली होती आणि त्या यादीतले सगळे दुसऱ्या दिवशी गेटबाहेर होते. हा नियम त्यातून आलेला. मी तो अक्षरांसोबतच शिकले.

म्हणून आम्ही असं केलं होतं. बाई स्वयंपाकघरात एकटी जायची, दार ओढून घ्यायची आणि टॅबसमोर बोलायची. बाहेर आई बसायची आणि कागदावर क्रम लिहायची: पहिली कोण, दुसरी कोण, कुणी नाव छापायला हो म्हटलं, कुणी नाही, कुणी ‘मी सांगेपर्यंत थांबा’ म्हटलं. मी तर त्या वेळी घरातही थांबत नसे. बाई हो म्हणेपर्यंत तिचा आवाज कुणीही ऐकायचा नाही, हा माझा शब्द होता. सात जणी झाल्या होत्या, आणखी चार यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन मी मोबाइलवाल्याकडे गेले. आवाजांचं नाव काढलं नाही, फक्त जाहिराती आणि ठिपका सांगितला.

तो टॅब उलटापालटा करून म्हणाला, “बेन, ये अंदरवाला ऍप है. कंपनी से ही आया है. ऐसे नहीं निकलेगा, रूट मारना पड़ेगा.”

“मग त्याचे कान बंद होतील?”

“किसके कान?”

“टॅबचे.”

तो हसला. “बंध थई जाय तो मारी जवाबदारी नहीं. पूरा टॅब भी बंध हो सकता है. छोड़ जाओ, शाम को ले जाना.”

मी टॅब त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

पुढचे चार दिवस मी वाचत राहिले. रूट म्हणजे टॅबची मालकीण होणं: आत काय राहील आणि काय जाईल हे आपण ठरवायचं. ऐकूनच माझं रक्त तापलं. वस्तू आपण विकत घ्यायची, आणि तिची किल्ली कंपनीकडे? ही तर खात्याचीच रीत झाली. बसायचं आपण, खिडकी उघडायची की नाही ते शेठ ठरवणार! पण वाचता वाचता माझा जोर ओसरला. एका बटणात रूट करून देतो म्हणणारी फुकटची ऍप्स पैशाला पासरी होती आणि ती कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिवाय रूट केलेल्या टॅबमध्ये एखादं चोर ऍप शिरलं आणि आपण चुकून त्याला परवानगी दिली, की ती मालकी त्याचीही होते. ज्याच्या कानांना मी भीत होते त्याच्याच हातात किल्ली द्यायची होती का? शेवटी ठरवलं की आतली सगळी सिस्टीमच बदलायची. कंपनीची काढायची, लोकांनी मिळून बनवलेली मोकळी, स्वच्छ सिस्टीम घालायची, आणि त्यावर रूट ठेवायचंच नाही.

त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे टॅब सुरू होतानाचं कंपनीचं कुलूप, उघडावं लागतं. आणि ते कुलूप उघडलं की टॅबमधलं सगळं पुसलं जातं. हे वाक्य मी वाचलं तिथेच थांबले आणि परत वाचलं.

आईला सुट्टी होती तो दिवस निवडला. सकाळी पेन ड्राइव्ह घेतला आणि सातही फायली त्यावर उतरवल्या, मग आणखी एका कार्डावर. ऐकून तपासायच्या नव्हत्या, तसा शब्द दिला होता. म्हणून प्रत्येकीचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहिला. सातही जुळल्या. टॅबच्या पाठीवरचा मॉडेल नंबर भिंगातून वाचला, कारण एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली की टॅब दगड होतो. उतरवलेल्या फाइलचा लांबलचक कोड ती जिथून घेतली त्या पानावरच्या कोडशी अक्षर अक्षर जुळवला. कंपनीची जुनी सिस्टीमही परतीची वाट म्हणून बाजूला ठेवली.

आई दारात येऊन उभी राहिली. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे.

“सगळं काढलंस ना?”

“सगळं. दोन ठिकाणी.”

“मग इतकी का घामेजलीस? साप धरी राहिनी का?”

“सापच आहे.”

“मग चिमट्यानं धर,” म्हणत ती चहा टाकायला गेली.

तिथे मी तिला एक प्रश्न विचारायला हवा होता. तो माझ्या मनातही आला नाही. यादी तिची होती, आणि यादीबद्दल विचारायचं नसतं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत इशारा आला: सर्व माहिती कायमची नष्ट होईल. आवाजाचं वरचं बटण दाबलं की हो, खालचं दाबलं की नाही. मी वरचं दाबलं.

मग लॅपटॉपवरून केबलनं नवी सिस्टीम टॅबमध्ये जायला लागली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायरीवर जगतो. मध्येच लाइट गेली असती तर टॅब अर्धा जुना, अर्धा नवा, म्हणजे ना जिवंत ना मेलेला होऊन बसला असता. वर पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते. तो जरा मंद वाटला की मला गरगरायचं. पडद्यावरची पट्टी एका जागी इतका वेळ अडली की आईनं आणलेल्या चहावर साय धरली. केबलला धक्का लागेल म्हणून मी मांडीही बदलली नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

टॅब सुरू झाला. कोरा. जाहिरात नाही, कुणाचं नाव नाही, कसलं अनोळखी ऍप नाही. मी तो उचलून आईसमोर नाचवला.

“बघ! आता हा आपला!”

आईनं हात पुसून तो घेतला. इकडे तिकडे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, “ते कुलूपवालं फोल्डर कुठे गेलं?”

“कुठलं फोल्डर?”

ती खाली बसली. मला तेव्हाच कळलं.

खात्यात जाताना-येताना पिशव्या तपासायला लागले होते, म्हणून कागदाची तिला भीती वाटली होती. तिनं यादीचा फोटो काढला, टॅबमधल्या कुलपाच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि कागद गॅसवर जाळला. त्या फोल्डरमधलं बाहेरून दिसत नाही, आपोआप उतरतही नाही. मी समजत होते की यादी घरात कुठेतरी कागदावर आहे. ती समजत होती की माझ्या ‘सगळं’मध्ये तिचंही आलं. न सांगण्याचा, न विचारण्याचा नियम दोघींनी अगदी काटेकोर पाळला होता; नावं आणि आवाज मात्र एकाच टॅबमध्ये येऊन बसले होते.

“तुला क्रम आठवतो?”

“पहिली आठवते. शेवटची मीच.” तीन आठवड्यांत एकेक करून बोललेल्या बायका, मधल्या पाच कुठे कोण, आणि कुणी काय अट घातली, हे तिला नक्की सांगता येईना. चुकीच्या जबानीखाली चुकीचं नाव छापलं गेलं, किंवा नको म्हणणारीचंच बोलणं छापलं गेलं, तर खात्यात तिला दुसऱ्या दिवशी कोण बसू देणार होतं?

मी पेन ड्राइव्ह लावला. सात फायली ओळीनं दिसत होत्या. “आई, दोन-दोन शब्द ऐक. तुला आवाज लगेच ओळखू येतील. कुणाला कळणारही नाही.”

हे मी म्हणाले. शब्द देणारी मीच.

“मले त्यास्नी बाहेर बसाडेल व्हतं,” आई म्हणाली. त्यांनी मला बाहेर बसवलं होतं. “दार ओढलं होतं. आता मी कान लावू?”

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. शेठला भिणं सोपं असतं, तो समोरचा असतो. मला त्या सहा बायकांची भीती वाटत होती. जिन्यावर पाऊल वाजलं तरी वाटायचं, कुणीतरी विचारायला आली. शेवटी आईनंच सगळ्यांना हळदीकुंकवाचं निमित्त करून बोलावलं, म्हणजे कुणी पाहिलं तरी प्रश्न नको.

त्या भिंतीला टेकून ओळीनं बसल्या. मी उभी राहून सांगितलं: टॅब ऐकतोय असं वाटलं, मी तो साफ केला, त्यात यादी गेली, आवाज राहिले, कुणाचा कोणता ते आता माहीत नाही. चूक माझी.

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांत वयस्क, म्हणाल्या, “आधी हे सांग, शेठनं ऐकलं का?”

“माहीत नाही काकू. जाहिरातवाल्यांचं ऍप होतं. शेठचं नव्हतं. पण काय गेलं, गेलं की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.”

“शिकेल पोरगी, आन् सांगता येत नही!” एकजण कडवट हसली.

“लाव सगळ्यांसमोर,” काकू म्हणाल्या. “गम सगळ्यांनी सारखाच हुंगलाय. जिचा आवाज ती हात वर करेल.”

दोघीतिघींनी माना डोलावल्या. कोपऱ्यातली एक मात्र पदर मुठीत धरून बसली होती. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. “नको,” ती म्हणाली. “मी त्यात घरातलंही बोलले आहे. माझा पुसून टाका.”

“पण तुझा कोणता हे ऐकल्याशिवाय…” मी सुरुवात केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग?”

आईही माझ्याकडे बघत होती. तिचा वेगळा काढायचा तर कुणाचा ना कुणाचा ऐकावाच लागणार होता. मी पेन ड्राइव्ह लावला, सातही फायली निवडल्या, त्या नव्या लग्नाच्या मुलीला जवळ बोलावून पडदा दाखवला आणि पुसल्या. मग कार्डावरच्याही. तिनं दोन्ही वेळा वाकून पाहिलं. तीन आठवडे, सात बायकांचं धाडस, आणि पुसताना माझ्या बोटाला काहीच जड लागलं नाही.

“झालं,” मी म्हणाले, आणि रडू आवरलं नाही.

“कसाले रडी राहिनी?” काकू उठल्या. “आवाज पुसला. खोकला आहे अजून छातीत. दे तो टॅब.” त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दार ओढलं. त्यांच्यानंतर आई गेली. बाकीच्या पाचजणी कुंकू लावून, प्रसाद घेऊन, एकेक करून जिना उतरल्या. यायच्या होत्या त्या चौघीही पुढे आल्या नाहीत. मी कुणालाही अडवलं नाही.

पत्रक निघालं ते दोघींचं. नाव कुणाचंच नाही. सकाळी खात्याच्या गल्लीच्या तोंडाशी मी वाटायला उभी राहिले तेव्हा सुपरवायझर वरच्या खिडकीच्या बंद काचेतून बघत होता. बायका येत होत्या. कुणी घेत होत्या, कुणी नजर चुकवत होत्या. आई आली. तिनं अनोळखी बाईसारखा हात पुढे केला, पत्रक घेतलं, न वाचता चार घड्या घालून चोळीत सरकवलं आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेली.