वीस बाजूंचा फासा

त्या दाढीवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. बंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या बिल्डिंगखाली चहाचं दुकान आहे, तिथं दर रविवारी तो मित्रांना घेऊन बसायचा. फासे टाकत टाकत गोष्ट रचायचा खेळ त्यांचा, आणि हा राक्षस व्हायचा. असा गुरगुरायचा की मी लांबूनच जायचे.

त्या रविवारी माझ्या लेकाला, चिनूला कडेवर घेऊन दूध आणायला गेले, तर सगळे भांडतायत! खेळाचं पुस्तक काढणारी कंपनी म्हणे आता म्हणते, आमच्या नियमांवर गोष्ट रचलीत तर त्यात आमचा हिस्सा. मग खेळ सोडायचा की नाही?

"सरी, ठीक आहे, फासाच ठरवेल," दाढीवाला म्हणाला. "दहाच्या वर आला तर सोडला!"

तेवढ्यात चिनूनं टेबलावरून फासा उचलला आणि तोंड गच्च मिटलं.

"अगं बाई, गिळला!" मी रडायलाच लागले.

दाढीवाला गुडघ्यावर बसला आणि गुरगुरला, "ए छोट्या राक्षसा, आ कर!"

चिनू खदखदून हसला. तोंड रिकामं! मुठीतून फासा पडला. वीस!

"सोडला!" सगळे ओरडले, आणि लगेच चेहरे पाडून बसले. रविवारच गेला ना त्यांचा!

दाढीवाला म्हणाला, "अरे, पुस्तक सोडलं. राक्षस माझाच आहे. पुढच्या रविवारी नियम आपले. ताई, ह्यालाही आणा!"

आता चिनूला भरवताना मीही गुरगुरते. आधी खिडकी लावून घेते मात्र, कंपनीचा काय भरवसा!