घरी वेळेवर जा, असं साहेब सांगायचे

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवायची सवय असलेल्या घरात त्या इतक्या कधी साठल्या ते कळतच नाही. साहेबांच्या किश्श्यांचं आमच्या ऑफिसात तसंच झालं. एकेक ऐकला, हसलो, घडी घालून ठेवून दिला. आता ड्रॉवर उघडत नाही! हे सगळे हसायचे किस्से होते बरं का. हल्ली सांगायला बसलो की हसू पहिल्या दोन वाक्यांतच संपतं.

तर आधी माणसं सांगतो. आमची कंपनी पॅकिंगची मशिनं बनवते. ऑफिस कोलकात्यात, एस्प्लनेडला, चौथ्या मजल्यावर. करमरकर साहेब एमडी. मी बापट, त्यांच्या ऑफिसचा मॅनेजर. पदाचं नाव भारदस्त, काम एकच: साहेबांची भाषणं लिहायची आणि कंपनीच्या मासिक पत्रकात 'माणसं आधी' नावाचा त्यांचा कॉलम लिहायचा. नाव त्यांचं, फोटो त्यांचा, मजकूर माझा. माणसं कशी सांभाळावीत हे करमरकरांकडून शिकावं, असं कोलकात्यातल्या कंपन्यांमध्ये बोललं जायचं. लोक त्यांना भाषणाला बोलवायचे, पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घ्यायचे.

आणि त्यांची स्वतःची बायको, सुनंदावहिनी, सहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही, कोर्टकचेरी नाही. नुसत्या आल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. साहेब एकदाही गेले नव्हते. ऑफिसात कॉलमबद्दल कोणी काहीही बोलो, मनात सगळ्यांच्या एकच होतं: हा माणूस वेळेत जाणार की नाही?

*

साहेबांचा सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे संध्याकाळचे सहा. सहा वाजले की स्वतः केबिनमधून बाहेर यायचे, प्रत्येक टेबलावर दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला, घरी कोणीतरी वाट बघतंय." मग स्वतःच्या हाताने दिवे बंद करायचे. एमडी दिवे बंद करतोय म्हटल्यावर कोणाची टाप आहे बसून राहायची!

आमचे तपनदा, प्रॉडक्शन प्लॅनिंगचे, ऑफिसातले सगळ्यात जुने. एकदा सव्वासातच्या सुमारास मैदानाच्या कडेने बस स्टॉपकडे चालले होते. बाकावर साहेब. मांडीवर बॅग, हातात झालमुडीचा, म्हणजे इथल्या भेळेचा, कागदी ठोंगा, एकेक दाणा उचलून खाताहेत.

"साहेब, घर नहीं गया?" तपनदांनी विचारलं.

"जा रहा हूँ," साहेब म्हणाले. "अभी ट्रॅफिक है."

साहेबांचा फ्लॅट तिथून पायी बारा मिनिटांवर!

तपनदांनी ही गोष्ट महिनाभर कोणाला सांगितली नाही. मला सांगितली तेव्हाही हसत नव्हते. म्हणाले, "बापटबाबू, हमको वो टाइम पे घर भेजता है, और खुद का घर ही नहीं है." त्यानंतर सहाची टकटक ऐकली की मला घाईघाईने उठायची लाज वाटायला लागली.

*

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका वर्षी साहेबांना व्याख्यानाला बोलावलं. विषय 'कुटुंब आणि करिअर'. भाषण माझंच होतं, आणि सांगायला हरकत नाही, झकास जमलं होतं. फोर्ट विल्यममध्ये पोस्टिंगवर आलेले एक कर्नल तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

प्रश्नोत्तरांत गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या कुलकर्णी काकू उठल्या. काकूंच्या आवाजाला माइक लागत नाही.

"भाषण छान झालं हो. पण मिसेसना नाही आणलंत?"

"ती पुण्याला आहे," साहेब सहज म्हणाले. "आईकडे गेलीये."

काकू खाली बसल्या. सभागृहात माना हलल्या, छान, माहेरी गेल्यात. मी मात्र मागच्या रांगेत पेढ्याचा डबा घेऊन बसलो होतो तो तसाच थिजलो. वहिनींची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कंपनीतर्फे सांत्वनाचं पत्र मीच लिहिलं होतं, आणि त्यावर सही करताना साहेबांनी मला विचारलं होतं, "आईंचं नाव काय लिहिलंय, बरोबर आहे ना?"

*

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, बापट खाल्ल्या मिठाला जागत नाही.

वार्षिक ट्रेनिंगमध्ये साहेबांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा, 'फोनची पाच मिनिटं'. वीस-बावीस मॅनेजर खोलीत, आणि प्रत्येकाने तिथल्या तिथे अशा माणसाला फोन लावायचा ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय. कारण सांगायचं नाही, माफी मागायची गरज नाही, नुसतं "कसा आहेस" म्हणायचं. आम्ही याची भरपूर टिंगल करायचो. कोणी सासूला लावायचं, कोणी गॅसवाल्याला.

तपनदांनी एका वर्षी सख्ख्या भावाला लावला. घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं अबोला. पलीकडून आधी काहीच येईना, मग एक म्हातारा माणूस हमसून रडायला लागल्याचं साऱ्या खोलीला ऐकू आलं. त्या दुर्गापूजेला दोघं भाऊ एका ताटात जेवले. हिवाळ्यात भाऊ गेला.

म्हणून साहेबांविषयी कोणी वाकडं बोललं की तपनदा भडकायचे. "डॉक्टर खुद सिगारेट पीता है, तो क्या उसका दवा काम नहीं करेगा? करेगा! मेरे पे किया!"

औषध लागू पडलं होतं खरंच.

पण त्या पाच मिनिटांत मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. तेही खिडकीकडे तोंड करून, फोन कानाला लावून बोलत होते. "हो... हो गं... जेवलीस का... हो, येतो..." बोलता बोलता त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि काचेत त्याचं प्रतिबिंब दिसलं. स्क्रीन काळी होती. त्यांनी कोणालाही फोन लावला नव्हता. हे मी तपनदांना सांगितलं नाही, आजतागायत नाही.

*

एका संस्थेने साहेबांना पुरस्कार दिला. माणसांची कदर करणारा उद्योगपती वगैरे. स्मरणिकेसाठी त्यांना सहकुटुंब फोटो हवा होता.

"बघा काहीतरी," साहेब मला म्हणाले.

बघितलं. दोघांचा एकच फोटो सापडला, जुन्या पिकनिकचा. एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये आमचे अकरा लोक! डिझायनर पोरगी हुशार. तिने अकराच्या अकरा जणांना कॉम्प्युटरवर उडवलं आणि दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं. पाठीमागे गंगासुद्धा टाकली.

साहेबांनी छापील पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "कधीचा हा?"

*

आता एक माझा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत बसलोय, तर आपल्या डोळ्यातलं मुसळही दाखवावं.

'ऐकणं' या विषयावर कॉलम लिहायचा होता. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. समोर अनघा, माझी बायको, काहीतरी सांगत होती. तिचं इथे मन लागत नाहीये. लेक आता घरातही बांगलाच बोलते, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते. दिवसभरात तिच्याशी मराठीत बोलणारं कोणी नाही. आठ दिवस नागपूरला जाऊन यावं म्हणते.

मी "हं" म्हणालो. मग अजून एकदा "हं". तिसऱ्या "हं"ला ती उठून गेली आणि मला कॉलमचा शेवट सुचला.

पत्रक छापून घरी आलं तेव्हा तिने माझा कॉलम कापून फ्रिजवर लावला. एका वाक्याखाली लाल पेनने रेघ मारली होती: 'समोरचा बोलत असताना आपले हात रिकामे हवेत.' पुढच्या आठवड्यात नागपूरला गेली. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले, तरी आली नव्हती. मी कामात होतो.

*

आणि आता शेवटचा.

वहिनींच्या धाकट्या बहिणीचा, शैलाताईंचा, मला फोन आला. साहेब त्यांचे फोन घेत नव्हते. "बापट, ताईने डायलिसिस बंद करायला सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दहा दिवस. ती त्यांना बोलाव म्हणाली नाहीये. पण दाराकडे बघते. तुम्ही त्यांना घेऊन या. हात जोडते."

मी केबिनमध्ये गेलो, दार लावलं आणि सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "जाऊन काय बोलू?"

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"सहा वर्षं, बापट. सुरुवात कुठून करायची?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. "तुम्ही असं करा. पाच मुद्दे काढून द्या. आणि चला माझ्याबरोबर."

काढले! होय, मी काढले. पुण्याच्या विमानात, समोरचा ट्रे उघडून. उशीर झाला, चूक माझी. तू एकटी पडलीस हे मला कळत होतं आणि मी कळू दिलं नाही. तुझ्यामागे मी त्या घरात एकही दिवस नीट जेवलो नाही. असे पाच. लिहिताना माझे डोळे भरून आले, इतकं चांगलं उतरलं होतं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "दुसरा मुद्दा वर घ्या. सुरुवात वजनदार हवी."

हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. शैलाताई दारातूनच बाजूला झाल्या. मी बाहेर थांबत होतो, पण साहेबांनी माझी बाही धरली होती, ती सोडेनात. वहिनी पलंगावर इतक्याशा झाल्या होत्या की चादरीखाली कोणी आहे की नाही कळू नये.

"आलात," त्या म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. खिशातून कागद काढला. चष्मा लावला. आणि वाचायला लागले. अगदी हळू, नीट थांबे घेत, आवाज जिथे उतरायला हवा तिथे उतरवत. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी डोळे उघडले आणि हात पुढे केला. साहेबांनी कागद दिला.

त्यांनी तो स्वतः वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वेळ लागला.

"हे तुमचं नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला.

"ते पत्रक इथे येतं दर महिन्याला. ऑफिसच्या कागदांवर तुमच्या घरचा पत्ता अजून पुण्याचाच आहे. मी एकूण एक वाचलेत. वाटायचं, बदलला हा माणूस. शिकला." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "दोनदा बॅग भरली होती मी कोलकात्याला यायला. दोन्हीदा आधी फोन केला. आणि फोनवर हे असायचे."

'हे' म्हणताना त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब खालच्या फरशीकडे बघत होते.

मग वहिनींनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीच का ते लिहिणारे?"

मी मान हलवली.

"बायको सुखात असेल तुमची," त्या म्हणाल्या.

खिशात फोन थरथरत होता. नागपूरहून अनघाचा, सकाळपासूनचा तिसरा. मी खिशात हात घालून तो बंद केला.

"हो," मी म्हणालो.